आठ तासिकांत आशिया

शाळेच्या वेळापत्रकात नेमलेल्या विषयांपलीकडे आठ तासिकांची सवड सापडली आणि त्या सवडीत आशियाची संस्कृती व आशियाई माणसाची ओळख हा विषय घ्यावा असे ठरले, म्हणजे पुष्कळ शिक्षकांच्या मनापुढे प्रथम उभे राहते ते प्रदर्शनाचे चित्र : एका भिंतीला जपानी पंखे, दुसरीला कागदाचा चिनी ड्रॅगन, मध्ये किमोनो आणि अरबी झगे घातलेली मुले, आणि समारोपास पाहुण्यांचे दोन शब्द. असे प्रदर्शन पाहावयास पालक आनंदाने येतात, मुख्याध्यापक संतुष्ट होतात आणि मुलांचा एक दिवस मजेत जातो, हे कबूल केले तरी त्यातून मुलांच्या पदरात काय पडले याचा हिशेब मांडू गेल्यास शिल्लक फारशी निघत नाही. उलट, दुसऱ्याची संस्कृती म्हणजे त्याचा पोशाख आणि त्याचे खाणे, असा एक समज त्यांच्या मनात घर करून बसतो, आणि तो काढून टाकण्यास पुढे आठ तासिका पुरत नाहीत.

सुमारे साडेचार कोटी चौरस किलोमीटरांवर पसरलेला, जगातील निम्म्याहून अधिक माणसांना पोसणारा आणि सैबेरियापासून श्रीलंकेपर्यंत हवामान, भाषा, धर्म व राज्यपद्धती यांचे इतके वैविध्य असणारा हा प्रदेश एका संस्कृतीच्या नावाखाली शिकविता येत नाही. शिकविता येते ते एवढेच, की आपल्या जिल्ह्यातील एखादे ठिकाण दूरच्या एखाद्या ठिकाणाशी कसे जोडले गेले, कोणाच्या हातून जोडले गेले, आणि त्याची किंमत कोणी मोजली. म्हणून या लेखातील सर्व सूचनांचा इत्यर्थ असा, की अभ्यासक्रमाचा आरंभ आपल्या गावापासून व्हावा, आणि आपण आशियाई आहोत म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न शेवटच्या तासिकेसाठी राखून ठेवावा.

हद्द कोणी आखली?

पहिल्या तासिकेत मुलांच्या हाती खंडांच्या सीमा न दाखविलेला, केवळ डोंगर, नद्या व समुद्र असलेला नकाशा द्यावा आणि आशियाची पश्चिमेकडील हद्द पेन्सिलीने आखावयास सांगावे. दक्षिणेस आणि पूर्वेस समुद्र असल्यामुळे तेथे अडचण येत नाही. पश्चिमेस मात्र वर्गात लवकरच वाद सुरू होतो, आणि शिक्षकास हवा असतो तो हाच वाद. कोणी उरल पर्वतावर रेघ ओढतो, कोणी कॅस्पियन समुद्राशी थांबतो, तर कोणी युरोप वेगळा काढावयाचेच विसरतो. सर्वांच्या रेघा उमटल्यानंतर शिक्षकाने सांगावे, की उरल पर्वताची हद्द अठराव्या शतकात रशियात रूढ झाली. इस्तंबूल शहराचा काही भाग एका खंडात आणि काही दुसऱ्या खंडात मोजला जातो, व तेथील हजारो लोक रोज कामावर जाताना बोटीने खंड ओलांडतात. इजिप्त आफ्रिकेत असला तरी त्याचा सिनाई प्रांत आशियात धरला जातो. एवढ्या तीन दाखल्यांवरून मुलांना उमगते, की युरोप व आशिया यांच्यामधील रेघ निसर्गाने नव्हे, माणसांनी आखली आहे, आणि जी रेघ माणसांनी आखली तिच्याविषयी ती कोणी व कशासाठी आखली असे विचारण्याची मुभा प्रत्येकास आहे. यावर अधिक व्याख्यान देण्याचे कारण नाही. पुढील तासिकांत हाच प्रश्न निराळ्या वेषात पुनःपुन्हा यावयाचा आहे.

रत्नागिरी आणि मंडाले

दुसऱ्या तासिकेपासून चौथीपर्यंत एकच उदाहरण सावकाश, मुळापासून घ्यावे. कोकणातील शाळेसाठी, किंबहुना मराठी मुलखातील कोणत्याही शाळेसाठी, याहून सोयीचे उदाहरण मला माहीत नाही, म्हणून त्याचा तपशील येथे देतो.

फळ्यावर दोन रकाने पाडावेत. एकावर 'रत्नागिरी' आणि दुसऱ्यावर 'मंडाले' असे लिहावे. मंडालेच्या रकान्यात प्रथम १८८५ हे साल यावे. त्या वर्षी सागवानाच्या व्यापारातील देण्याघेण्यावरून ब्रह्मदेशाच्या दरबाराने एका कंपनीस जबर दंड ठोठावला, आणि त्या तंट्याचे निमित्त करून इंग्रजांनी ब्रह्मदेशावर तिसरी स्वारी केली. त्या कंपनीचे नाव बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन असे असून ती १८६३ साली मुंबईत स्थापन झाली होती, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. नोव्हेंबरच्या अखेरीस मंडाले पडले, थिबा राजास पदच्युत करण्यात आले, आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश इंग्रजी राज्यास जोडण्यात आला. आता रत्नागिरीचा रकाना उघडावा : प्रथम मद्रासेस नेलेल्या थिबा राजाची त्याच वर्षी सहकुटुंब रत्नागिरीस रवानगी झाली, आणि १९१६ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे तीस वर्षे, तो तेथेच सरकारी नजरकैदेत राहिला.

मग पुन्हा मंडालेच्या रकान्याकडे वळावे. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना जुलै १९०८ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना नेऊन ठेवण्यात आले ते मंडालेच्या तुरुंगात. तेथून ते १९१४ साली सुटले. ही साले लिहून झाली, की शिक्षकाने खडू खाली ठेवावा आणि काही वेळ गप्प बसावे. वर्गातील कोणी ना कोणी मूल आपण होऊन बोलून दाखविते, की मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता त्याच सुमारास रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत कैदेत होता. थिबासाठी बांधलेल्या नव्या राजवाड्यात त्याचे कुटुंब १९१० च्या सुमारास राहावयास गेले. आणि त्याच्या गेलेल्या राजधानीत, १९१०-११ च्या हिवाळ्यात, टिळक पेन्सिलीने गीतारहस्याचा मजकूर लिहीत होते. हे योगायोग शिक्षकाने आधीच जुळवून सांगितले, तर मुले ते ऐकून विसरतील; स्वतःच्या डोळ्यांनी रकान्यांतून ताडले, तर विसरणार नाहीत.

रत्नागिरीच्या आसपासच्या शाळांनी यापैकी एक तासिका थिबा राजवाड्यातच घ्यावी. तेथे गेल्यावर इतिहास पुन्हा सांगत न बसता मुलांना निरीक्षणास लावावे : अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरील लाकडी कोरीवकाम, उतरती छपरे, दालनातील संगमरवरी फरशी. यातील इंग्रजी काय, कोकणी काय आणि ब्रह्मी काय, हे ज्याने त्याने आपल्या वहीत लिहावे, आणि ज्याविषयी ठरविता येत नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह घालावे. प्रश्नचिन्हांना गुण अधिक द्यावेत. तेथून राजाची समाधी पाहून यावे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन हे मुद्दाम त्या समाधीस भेट देण्यास आले होते, यावरून ही गोष्ट अद्याप केवळ दप्तरात पडून राहिलेली नाही हे मुलांच्या ध्यानी येईल. थिबाची एक नात रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलत तिने तेथेच संसार केला. ती ब्रह्मी की कोकणी, या प्रश्नावर वर्गात दोन्ही बाजूंनी बोलू द्यावे आणि निकाल देऊ नये.

या उदाहरणाची दुसरी बाजू दडविण्याचा मोह शिक्षकाने आवरला पाहिजे. आपण आणि ब्रह्मदेश दोघेही इंग्रजांच्या टाचेखाली होतो, एवढेच सांगून थांबणे सोयीचे असते. परंतु मंडालेवर चालून गेलेल्या फौजेत हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते, इंग्रजी अमलात तेथे गेलेल्या हिंदी सावकारांनी व व्यापाऱ्यांनी शेतजमिनी बळकावल्या असा ब्रह्मी शेतकऱ्यांचा रोष होता, आणि १९३० साली रंगून शहरात हिंदी मजुरांविरुद्ध दंगे झाले. सन १८५८ मध्ये दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादूरशहा जफर याला हद्दपार करून रंगूनला धाडण्यात आले व १८६२ साली तो तेथेच वारला, ही गोष्ट सांगताना ही दुसरी गोष्टही सांगावी. एकच समाज एका प्रसंगी अन्याय सोसणारा आणि दुसऱ्या प्रसंगी अन्यायाचा साधनभूत होऊ शकतो, हे चौदा वर्षांच्या मुलास समजते. ते समजण्याची त्यास संधी मिळत नाही एवढेच.

इतर जिल्ह्यांनी काय निवडावे

पाचवी तासिका दुसऱ्या एखाद्या धाग्यासाठी ठेवावी, आणि ज्या शाळांना रत्नागिरी दूर वाटते त्यांनी मुख्य उदाहरण म्हणूनही पुढीलपैकी एक घेण्यास हरकत नाही.

मुंबई व ठाणे भागातील शाळांसाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेण्यांच्या या बौद्ध विहारात नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख कोरलेले असून ते इसवी सन १००९ आणि १०२१ या सालांचे आहेत. ते कोरणारे पारशी होते, आणि आपली नावे व तिथी यांखेरीज त्यांनी फारसे काही लिहून ठेवलेले नाही. अग्नीची उपासना करणारी मंडळी बुद्धाच्या लेण्यांत कशासाठी आली, याचे उत्तर त्या भिंतीवर नाही. मुले लगेच कथा रचू लागतील. ती रचू द्यावी, परंतु प्रत्येक कथेखाली 'हा माझा तर्क' अशी स्पष्ट नोंद करावयास लावावे.

रायगडच्या शाळांनी बेने इस्रायल समाजाचा मागोवा घ्यावा. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आले अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही मंडळी कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखली गेली. सन १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबे इस्रायलला गेली, आणि तेथे त्यांच्या ज्यू असण्याविषयीच धर्माधिकाऱ्यांनी शंका काढल्या, तेव्हा १९६४ साली त्यांना जेरुसलेममध्ये निदर्शने करावी लागली. कोकणात ज्यू म्हणून वेगळे आणि इस्रायलमध्ये हिंदी म्हणून वेगळे, असा अनुभव घेतलेल्या या समाजाने तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. ओळख ही माणसाच्या अंगी असते की पाहणाऱ्याच्या नजरेत, हा प्रश्न उभा करण्यास याहून अधिक काही लागत नाही.

सोलापुरास डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत, आणि नागपुरास दीक्षाभूमी. या दोहोंचा उपयोग पुढील दोन तासिकांत करावयाचा असल्याने त्यांचा विचार तेथेच करतो.

आशियातील भांडणे

सहाव्या तासिकेचा हेतू असा, की सर्व आशिया मूलतः एक आहे, अध्यात्मप्रधान आहे व पश्चिम भौतिकवादी आहे, हे जे सुभाषितवजा वाक्य निबंधांतून सर्रास आढळते, ते मुलांनी कसास लावून पाहावे. जपानी कलासमीक्षक ओकाकुरा काकुझो यांनी १९०३ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आशियाच्या एकत्वाचा जोरदार पुरस्कार केला होता, आणि कलकत्त्याच्या वास्तव्यात त्यांचा ठाकूर कुटुंबाशी स्नेह जडला होता. पुढे तीच एकत्वाची भाषा जपानच्या लष्करी सत्तेने आपल्या आक्रमणाचे समर्थन करण्यास वापरली. रवींद्रनाथांनी १९१६ साली जपानात जाऊन राष्ट्रवादाविरुद्ध इशारा दिलाच होता. १९३८ साली जपानी कवी योने नोगुची यांनी चीनवरील स्वारीचे समर्थन करणारे पत्र पाठविले, तेव्हा त्यांनी त्याचा कडक शब्दांत निषेध केला.

त्याच १९३८ साली राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे एक पथक चीनला पाठविले. त्यात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांनी उत्तर चीनमधील आघाडीवर जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, चिनी परिचारिकेशी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेला बोलपट मिळाल्यास त्यातील दहा-पंधरा मिनिटांचा भाग दाखवावा. परंतु त्यापूर्वी मुलांना एक प्रश्न लिहून द्यावा : आशियाचे ऐक्य कोणी अधिक खरे केले, ऐक्याची घोषणा करणाऱ्या सैन्याने की त्या सैन्याने घायाळ केलेल्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने?

वेळ उरल्यास दोन परिषदांचा उल्लेख करावा. मार्च १९४७ मध्ये, स्वातंत्र्यापूर्वी काही महिने, दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात आशियाई राष्ट्रांची परिषद भरली. तेथे तिबेटचे प्रतिनिधी स्वतंत्रपणे आले होते व त्यास चिनी प्रतिनिधींनी हरकत घेतली होती. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया व आफ्रिका खंडांतील एकोणतीस देश एकत्र आले. दोन्ही ठिकाणी सौहार्द होते आणि कुरबुरीही होत्या. मुलांनी दोन्हींची नोंद करावी.

ओळख : लादलेली आणि निवडलेली

सातव्या तासिकेत दोन प्रसंग समोरासमोर ठेवावेत. पहिला अमेरिकेतील. तेथे १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेश बंद केला होता. १९२३ साली भगतसिंग थिंद या, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या, पंजाबी गृहस्थास ते गोरे नाहीत या कारणावरून तेथील सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. चिनी, जपानी, फिलिपिनो अशा नाना देशांच्या वंशजांना गोरा समाज एकाच तुच्छतादर्शक नावाने हाक मारीत असे. तेव्हा १९६८ साली बर्कली येथील युजी इचिओका व एमा गी या विद्यार्थ्यांनी 'आशियाई अमेरिकन' हे नाव आपण होऊन धारण केले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला संप सुमारे पाच महिने चालून, तेथे वांशिक समाजांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. आशियाई ओळखीचा अभ्यास शाळा-महाविद्यालयांत येण्यासाठी विद्यार्थ्यांनी संप केला होता, हे सांगितल्यावर वर्ग कान टवकारून ऐकतो.

दुसरा प्रसंग आपल्या घरचा. दिनांक १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती ब्रह्मदेशात जन्मलेल्या वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी यांच्या हस्ते. आणि नंतर आपल्या लाखो अनुयायांना दीक्षा दिली ती स्वतः. त्यापूर्वी ते जागतिक बौद्ध परिषदांच्या निमित्ताने १९५० साली कोलंबोस आणि १९५४ साली रंगूनला जाऊन आले होते, आणि दीक्षेनंतर त्याच वर्षी काठमांडूच्या परिषदेसही गेले. येथे ओळख वारसाहक्काने आलेली नव्हती. जी आली होती ती नाकारून, विचारपूर्वक, निराळी ओळख पत्करली गेली होती, आणि तिच्यामुळे विदर्भातील एखादे खेडे श्रीलंका, ब्रह्मदेश व जपान यांच्याशी जोडले गेले. एका नावाने झालेली अवहेलना दुसरे नाव निवडून झुगारून देणे, हे साम्य मुलांनी आपले आपण शोधावे. दोन्ही प्रसंगांतील भेदही तितक्याच काळजीने मांडावेत.

वर्गात पाळावयाची पथ्ये

आठव्या तासिकेकडे वळण्यापूर्वी काही पथ्ये सांगणे अगत्याचे आहे. वर्गात एखादे पारशी, बौद्ध, तिबेटी किंवा नेपाळी मूल असल्यास त्यास उभे करून 'तुमच्याकडे कसे असते ते सांग' असे फर्मावू नये. रत्नागिरी-देवगडकडील आंब्याच्या बागांत राखणीस नेपाळी कुटुंबे असतात आणि त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकतात. असे मूल आपल्या देशाचा वकील म्हणून शाळेत आलेले नसते, ते इतरांसारखेच गणित आणि मराठी शिकावयास आलेले असते. ते आपण होऊन बोलले तर सर्वांनी ऐकावे, न बोलले तर त्याच्या मौनाचा मान राखावा. वडीलधाऱ्यांची जबानी घेण्यास मुलांना पाठवावयाचे असल्यास आधी परवानगी मागण्याची, नाव लिहू नका म्हटले तर न लिहिण्याची आणि लिहिलेला मजकूर परत वाचून दाखविण्याची शिस्त घालून द्यावी. धर्मविषयक प्रश्नात कोण श्रेष्ठ, कोण कनिष्ठ असा सूर लागताच चर्चा त्या ठिकाणी थांबवून पुन्हा पुराव्याकडे आणावी. आणि पोशाखांचा कार्यक्रम करावयाचाच असेल, तर तो अभ्यासक्रमाच्या शेवटी करावा, म्हणजे कोणता पोशाख कोणी, कोणत्या प्रसंगी व कोणत्या हवामानात घालतो हे मुले सांगू शकतील.

शेवटची तासिका आणि कागदांची व्यवस्था

आठव्या तासिकेत परीक्षा नसावी. राजधान्या व चलने यांची घोकंपट्टी तर नसावीच. प्रत्येक मुलाने एक पान लिहावे आणि त्याचे तीन भाग करावेत : मी काय पाहिले, मी काय ऐकले किंवा वाचले, आणि त्यावरून मी काय तर्क केला. पानाच्या तळाशी एका वाक्यात त्याने उत्तर द्यावे, की तो स्वतःस आशियाई म्हणवून घेईल काय, आणि घेईल तर कोणत्या प्रसंगी. 'नाही' हे उत्तर 'होय' इतकेच ग्राह्य मानावे. 'परदेशी गेलो तर म्हणवीन, इथे नाही' असे कोणी लिहिले, तर त्याने विषय बऱ्यापैकी आत्मसात केला असे समजावे. गुण देताना उत्तराकडे न पाहता, पाहिलेले आणि तर्काने मानलेले यांची सरमिसळ झाली आहे की नाही एवढेच पाहावे.

ही पाने मुलांना परत करून रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांची वर्षवार नस्ती करून ती शाळेच्या दप्तरी ठेवावी, आणि पुढील वर्षीच्या तुकडीस दुसऱ्या तासिकेच्या आरंभी वाचावयास द्यावी. आधीच्या मुलांनी प्रश्नचिन्ह घालून सोडलेल्या बाबींपैकी एक तरी नव्या तुकडीने सोडवावी, आणि एखादे चुकीचे विधान सापडल्यास ते खोडून न टाकता शेजारी दुरुस्ती व तिचा आधार लिहावा. राजवाड्यातील एखाद्या खिडकीविषयी किंवा एखाद्या आजीच्या जबानीविषयी पाच वर्षांच्या अशा नोंदी साठल्या, तर आपल्या तालुक्याचा आशियाशी असलेला संबंध सांगणारे, कोणत्याही पाठ्यपुस्तकात न मिळणारे एक साधन शाळेजवळ तयार होईल. आणि त्याचे कर्ते शाळेतील विद्यार्थीच असतील.